पर्यावरण मेंटेनन्सकडे सोपवा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही इंजिनिअरिंग शेडमध्ये जेवणाच्या सुटीत पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. प्रेस थांबलेले असतात, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं थांबलेली असतात, ग्राइंडर गप्प असतो. तरीही कुठून तरी सूऽऽ असा आवाज येतच राहतो आणि थोड्या थोड्या वेळाने मागच्या खोलीतला, नळ्यांत दाबाची हवा भरणारा कॉम्प्रेसर धडधडत लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नाही, मग हा कुणासाठी राबतोय? नळ्यांच्या जोडांतून, झिजलेल्या कपलरमधून (नळी चटकन जोडायचा-काढायचा सांधा) आणि साचलेलं पाणी काढायच्या, किंचित उघड्या ठेवलेल्या ड्रेन कॉकमधून निसटणाऱ्या हवेसाठी.

हिशेब सोपा आहे. सात बार दाबाच्या लाइनवर सगळी भोकं मिळून तीन मिलिमीटर व्यासाच्या एका भोकाइतकी गळती असली, तरी ती भरून काढायला कॉम्प्रेसरला साडेतीन ते चार किलोवॉट वीज लागते. दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला १६ तास, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर सुमारे १६,८०० युनिट होतात. आपल्याकडच्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. म्हणजे त्या एका भोकाचे वर्षाला पावणेबारा टन झाले. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला साधारण २० किलो शोषतं, असा ढोबळ हिशेब धरतात. त्या हिशेबाने हे भोक सुमारे ६०० झाडांची कमाई खाऊन टाकतं. ५ जूनला, पर्यावरण दिनी, त्याच कंपनीच्या गेटपाशी पाहुण्यांच्या हस्ते लावलेली रोपं मोजली, तर बहुतेक वेळा दोन आकडीच निघतात, आणि त्यातली किती दिवाळीपर्यंत टिकली हे कुणी विचारत नाही.

झाडांशी तुलना मुद्दाम केली आहे, पण तिचा चुकीचा अर्थ निघू नये. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय २०२५ च्या अखेरीस आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले आणि ते बरोबरच होतं. सावली, पक्षी आणि नदीकाठची माती किलोत मोजता येत नाहीत. प्रश्न वेगळाच आहे. झाड दिसतं, त्याला मिठी मारून फोटो काढता येतो. गळक्या कपलरला कोण मिठी मारणार? म्हणून कामाच्या जागी पर्यावरण हे खातं एचआरकडे किंवा कार्यक्रम समितीकडे जातं आणि घरांच्या सोसायटीत गणेशोत्सवाच्या मंडळाकडे. ज्यांच्या हातात पाना, मल्टिमीटर आणि वीजबिल असतं, त्यांना कुणी विचारतच नाही. हे खातं मेंटेनन्सकडे सोपवावं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

वीजबिल हा शब्द वर सहज आला, पण पर्यावरणाचा सगळ्यात प्रामाणिक अहवाल तोच असतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी नाशिकरोडहून दिसतात. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि ते कोळशावर चालतात. आपल्या मीटरमधून फिरणारं प्रत्येक युनिट तिथलंच असतं असं नाही, ग्रिडमध्ये सगळ्यांची वीज एकत्र होते. पण औष्णिक केंद्रात एका युनिटमागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, हे डोक्यात ठेवलं की बिलावरचा युनिटांचा आकडा वेगळा दिसायला लागतो.

गळती मोजायला कसलंही यंत्र लागत नाही. पाळी संपल्यावर हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद करायची, मात्र लाइनचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवायचे. कॉम्प्रेसर चालू करून दाब पूर्ण भरू द्यायचा. मग घड्याळ लावून तो किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोड, म्हणजे हवा न भरता, हे सलग पाच-सहा फेऱ्या लिहून काढायचं. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागून शंभराने गुणलं की कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा किती टक्का गळतीत जातो ते कळतं. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड असेल, तर २५ टक्के. वर्षानुवर्षं हात न लागलेल्या लाइनवर २० ते ३० टक्के ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. नीट सांभाळलेली लाइन दहाच्या आत राहते.

भोक शोधायला साबणाचं पाणी आणि जुना पेंटब्रश पुरतो. बहुतेक गळती लांबलचक पाइपात नसतेच, ती यंत्राजवळच्या शेवटच्या दोन मीटरांत असते. क्विक कपलर, फिल्टर-रेग्युलेटरची वाटी, होजचा क्लॅम्प आणि पुश-फिट कनेक्टर या जागा आधी बघाव्यात. पुश-फिट गळतो याचं कारण बहुधा कनेक्टर खराब असणं हे नसतंच. पीयू नळी पक्कडीने किंवा ब्लेडने तिरकी कापलेली असते, त्यामुळे तिचं टोक आतल्या ओ-रिंगवर सरळ बसत नाही. नळी कापायचं कटर स्वस्तात मिळतं, पण ते फिटरच्या पेटीत असलं पाहिजे. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळली की जोड घट्ट करताना ती उलगडून बाहेर येते आणि तासाभराने पुन्हा सू-सू सुरू. ड्रेन कॉकचा प्रकार तर जुनाच आहे. पावसाळ्यात रिसिव्हरमध्ये, म्हणजे हवेच्या टाकीत, पाणी फार साचतं, म्हणून कुणी तरी कॉक जरासा उघडा ठेवतं आणि तो तसाच पुढचा उन्हाळा बघतो.

इथवर काम झालं आणि तरीही बिल हललं नाही, तर खचून जायचं कारण नाही. दोन गोष्टी राहिलेल्या असतात. पहिली, गळती कमी झाली की लाइनमधला दाब सरासरीने वर राहतो आणि उरलेली भोकं आणखी जोरात वाहतात. म्हणून दुरुस्तीनंतर कॉम्प्रेसरचा सेट-पॉइंट, म्हणजे ठरवून दिलेला दाब, खाली आणायचा. दाब एक बार कमी केला तर साधारण सहा-सात टक्के वीज वाचते. कित्येक ठिकाणी आठ बार ठेवलेले असतात, कारण टोकाच्या एका यंत्राला हवा पुरत नाही. तिथे सगळ्या शेडचा दाब वाढवण्यापेक्षा त्या यंत्राजवळ छोटा रिसिव्हर बसवावा, तुंबलेला फिल्टर बदलावा किंवा तेवढा अरुंद पाइप मोठा करावा. दुसरी गोष्ट, स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड झाला म्हणजे थांबला नाही. तो रिकामा फिरतानाही पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज घेत राहतो. काही मिनिटं मागणी आली नाही तर आपोआप बंद होण्याची सेटिंग त्याच्या पॅनेलमध्ये असते, पण ती वापरणारे थोडेच. कपडे आणि यंत्र झाडायला एअर गन वापरण्याची सवय हा आणखी एक खर्च. बुरादा ब्रशने निघतो, आणि ब्रशने तो डोळ्यांत उडत नाही.

हवेनंतर पाणी. सीएनसी आणि लेथच्या टाकीतलं कूलंट, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडायचं पाणी-तेलाचं मिश्रण, हा कारखान्यातला दुसरा न बोलायचा विषय. साप्ताहिक सुटीनंतरच्या सकाळी शेड उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो कूलंटचा. यंत्र बंद असताना स्लाइडवेचं, म्हणजे यंत्राच्या सरकत्या भागांचं, तेल वर तरंगून साय धरतं, खाली हवा पोहोचत नाही आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू माजतात. मग ‘खराब झालं’ म्हणून दोनशे लिटर एका रात्रीत रिकामं होतं. अधिकृत विल्हेवाटीला पैसे पडतात, गटार फुकट असतं, आणि गटार शेवटी नदीलाच मिळतं. सातपूर-अंबडच्या अंगाने वाहणारी नंदिनी, जिला जुनी माणसं अजून नासर्डी म्हणतात, ती गोदावरीत जाते. रामकुंडावर आरतीला उभं राहणाऱ्याने पात्रातल्या फेसाचं मूळ फक्त महापालिकेच्या मलनिस्सारण केंद्रात शोधू नये.

कूलंट फेकावंच लागू नये, यासाठी मोजून चार कामं आहेत. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या मापकावर एक थेंब टाकून तेलाचं प्रमाण बघायचं. बहुतेक कामांना पाच ते आठ टक्के लागतं, नेमका आकडा आणि वाचनाला गुणायचा घटक डब्यावर छापलेला असतो. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचं. तेलात पाणी ओतलं तर दुधासारखं मिश्रण नीट जमत नाही आणि दोन दिवसांत फुटतं. टाकीतून मुख्यतः पाणी उडतं, म्हणून भर घालताना दोन-तीन टक्क्यांचं पातळ मिश्रण घालायचं. आणि तरंगतं तेल पट्ट्याच्या स्किमरने, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर तेल उचलणाऱ्या साधनाने, रोज काढायचं. मुख्य यंत्र बंद असतानाच स्किमर नीट चालतो, कारण तेव्हाच तेल वर येतं. त्याला टायमर लावून ठेवला की झालं. इथे चांगल्या हेतूने होणारी एक चूक सांगायला हवी. पाणी वाचवायचं म्हणून आरओचं टाकाऊ पाणी कूलंटला वापरतात. त्यात क्षार एकवटलेले असतात, साबणासारखा चोथा धरतो आणि टाकी निम्म्या वेळात खराब होते. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासाला जाऊ द्यावं.

ऑफिसात आणि घरात जास्तीत जास्त बोललं जातं ते एसीच्या तापमानावर. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात आणि प्रत्येक वाढवलेल्या अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. नाशिकची रात्र एप्रिल-मेमध्येही मुंबईसारखी चिकट नसते. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर कित्येक घरांत एसीचा हंगाम दोन महिन्यांवर येतो. पण एसीचं खरं प्रकरण युनिटांत नाही, गॅसमध्ये आहे, आणि त्याबद्दल सगळे गप्प असतात.

जुन्या इन्व्हर्टर एसीमध्ये बहुधा आर-४१०ए गॅस असतो. त्याचा एक किलो हवेत सुटला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ किलोंइतकी उष्णता धरतो. ०.७ च्या हिशेबाने ही जवळजवळ तीन हजार युनिट वीज झाली. नाशिकसारख्या गावात दीड टनाचा एसी उन्हाळ्याचे शंभर दिवस, रोज चार-पाच तास चालवला तर चारशे-साडेचारशे युनिट जातात. म्हणजे एकदा गळलेला किलोभर गॅस सहा-सात उन्हाळ्यांच्या विजेइतका. नव्या यंत्रांतला आर-३२ हा ६७५ पट आहे, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, पण तोही फुकट नाही. आणि दरवर्षी मार्चमध्ये काय होतं? ‘थंड करत नाही’ म्हणून माणूस येतो, सिलिंडर जोडतो, गॅस ‘मारतो’ आणि दोन हजार घेऊन जातो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठे तरी भोक आहे, आणि भोक न बुजवता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा गेलेला असतो.

म्हणून गॅस भरायला आलेल्या माणसाकडून चार गोष्टी करून घ्याव्यात. बाहेरच्या युनिटपाशी तांब्याच्या नळीचा फ्लेअर नट असतो. तिथे तेलकट डाग दिसला की गळतीची जागा बहुधा सापडली. मग नायट्रोजन भरून किमान अर्धा तास दाब टिकतो का ते पाहायचं. त्यानंतर व्हॅक्यूम पंप वीस-तीस मिनिटं लावून नळीतली हवा आणि ओल काढायची. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणं ही व्हॅक्यूम टाळायची युक्ती आहे, ती करू द्यायची नाही. शेवटी यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. घर बदलताना एसी काढायचा असेल तर एकच प्रश्न पुरतो: पंप-डाऊन करणार ना? एसी कूलिंगवर चालवून आधी जाड-बारीक नळ्यांतला बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मिनिटभरात गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो, मग जाड नळीचा बंद करायचा. न करता नट सैल केला की फुस्स. पाच मिनिटं वाचतात आणि दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका गॅस हवेत जातो.

बाकी घरातल्या गोष्टी झटपट. चार माणसांच्या आंघोळीचं पाणी गीझरवर तापवायला रोज दोन युनिट लागतात. गच्चीवर सौर बंब असेल तर वर्षाचे बहुतेक दिवस ती वाचतात, फक्त कडक पाण्याने नळ्यांत साका धरतो, तो काढावा लागतो. कापडी पिशवी वापरावी. राज्यात प्लॅस्टिकबंदी मार्च २०१८ पासून आहे आणि पिशव्या नाल्यांत अडकतात, गायींच्या पोटात जातात, हे कारण पुरेसं आहे. पण एका पातळ पिशवीचा कार्बन काही ग्रॅमच असतो. ती नाकारून एकट्याने कारने वीस किलोमीटरचा रोजचा फेरा मारला, तर त्या फेऱ्यात तीन किलो सुटतात. त्याच अंतराला पेट्रोल स्कूटर एक किलो घेते, इलेक्ट्रिक स्कूटर ग्रिडच्या विजेवरही साधारण त्याच्या निम्मी. दोन्ही हिशेब खरे आहेत, फक्त एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाहीत.

ओल्या कचऱ्याला मात्र थोडी जागा द्यायला हवी, कारण नाशिकने घंटागाडीची सवय इतर अनेक शहरांच्या आधी लावून घेतली आणि तिथेच थांबली. कचरा गाडीत गेला की आपलं काम संपलं, अशी समजूत झाली. ओला कचरा ढिगाखाली दबला की त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत रोज २५ ते ३० किलो ओला कचरा निघतो. त्याला भोकं ठेवून बांधलेले विटांचे तीन हौद पुरतात. एक भरायचा, एक मुरायचा, एक रिकामा करायचा. हे प्रकल्प बंद पडतात ते एकाच कारणाने: कोरडा पाला संपतो. ओल्या कचऱ्याइतकाच, निदान घमेल्याला घमेलं, वाळलेला पाला वर पडला नाही तर पाणी सुटतं, वास येतो, अळ्या दिसतात आणि पुढच्या सभेत ठराव होऊन हौदात माती टाकली जाते. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि पाला सगळ्यात जास्त लागतो तो पावसाळ्यात. म्हणून पानगळीतच तीस-चाळीस पोती भरून पत्र्याखाली ठेवायला हवीत. प्रत्यक्षात तो पाला सकाळी कंपाउंडच्या कोपऱ्यात जाळला जातो, त्याच सोसायटीत, जिथे जुलैमध्ये हौद नासतो.

आणि सोलर? जरूर बसवावं. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. घरासाठी केंद्राचं अनुदान तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत आहे. पण क्रम चुकू नये. २५ टक्के गळणाऱ्या लाइनवर सोलर बसवणं म्हणजे फुटक्या रांजणासाठी मोठी घागर आणणं. आधी गळती, मग दाब, मग सेटिंग आणि शेवटी पॅनेल, म्हणजे पॅनेलही कमी लागतात.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो: मोठे प्रदूषक मोकळे आणि आम्ही कपलर बदलत बसायचं? आक्षेपात तथ्य आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, पण सक्तीचं ऊर्जा ऑडिट मोठ्या ग्राहकांपुरतं आहे, छोट्या शेडवर तसं बंधन नाही. पण त्यामुळे झालंय असं की छोट्याकडे ना सक्ती येते ना मदत. मालकाचं गणितही समजण्यासारखं आहे. वीजबिल कच्च्या मालाच्या मानाने लहान, ऑर्डर वेळेवर जाणं मोठं. गळतीसाठी लाइन दोन तास बंद ठेवायला तो तयार होत नाही, आणि ‘हे काम कुणाचं’ याचं उत्तर नेमणूकपत्रात कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून मागणी संस्थांकडे करायची. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या दोन जुन्या संघटना. गळतीचा आवाज पकडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर आणि तारेतला वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर असा एक संच त्यांनी घ्यावा आणि सभासदांना आळीपाळीने द्यावा. एका शेडला ते वर्षातून चार दिवस लागतं, विकत कुणी घेणार नाही. जुन्या कूलंटचं संकलन वसाहतीतल्या वीस-पंचवीस शेडचं मिळून व्हावं, म्हणजे अधिकृत विल्हेवाटीचा टँकर अर्धा रिकामा जाणार नाही आणि गटाराचा मोह कमी होईल. सिटीलिंक या महापालिकेच्या शहर बसची सेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, तिच्या बहुतेक बस सीएनजीवर आहेत, पण औद्योगिक वसाहतीसाठी बसची वेळ पाळीच्या भोंग्याशी जुळली नाही तर तिचा उपयोग शून्य. सातच्या पाळीला पावणेसातला गेटवर पोहोचवणारी आणि साडेतीनला परत नेणारी बस असेल, तर कामगार स्कूटर घरी ठेवील. हे वेळापत्रक महापालिकेने एकटीने ठरवू नये, पाळीच्या वेळा संघटनांकडून मागवून घ्याव्यात.

आणि शेडमध्ये सुरक्षेच्या फळ्यावर ‘अपघातविरहित दिवस’ लिहितात, त्याच्या खाली गळतीचा टक्का लिहावा, चाचणीची तारीख आणि ती घेणाऱ्या फिटरचं नाव टाकून. चाचणी दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. यंत्रांच्या कंपनाने जोड ढिले होतातच, आणि जानेवारीत २५ वरून ८ वर आणलेला आकडा कुणी हात लावला नाही तर दिवाळीपर्यंत पुन्हा वीसकडे सरकलेला असतो.